व्हॅनच्या लिफ्टचे काम

क्लीव्हलँड, ओहायो

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी आईने फोनवर विचारले, की नातू तीन आठवडे शाळेखेरीज कुठेच कसा गेला नाही, तेव्हा ‘गाडीचे काम निघाले आहे’ एवढेच सांगून मी वेळ मारून नेली. तुम्हाला उगाच घोर लागू नये, एवढाच हेतू होता. आता काम झाले आहे आणि बाबांचे आयुष्य दापोडीच्या एसटी कार्यशाळेत गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नातवाची व्हीलचेअर व्हॅनमध्ये चढवणारी हायड्रॉलिक लिफ्ट जुनी आहे आणि ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केले आहे. बटण दाबले की मोटर कण्हायची आणि फलाट जमिनीपासून वीतभर उचलून थांबायचा. पहिल्या दुकानात, सुटे भाग मिळत नाहीत, नवीच लिफ्ट बसवा, असे सांगितले. नवी म्हणजे कित्येक हजार डॉलर.

‘आधी करंट बघ, मग पाना उचल’ हे बाबांचे सांगणे आठवून मी विजेचा दाब मोजणारा मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते, पण मोटर ओढायला लागली की तिच्यापाशी जेमतेम ९ उरत होते. येथे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने अर्थिंगची तार आतून खाल्ली होती, आणि रबरी टोपी काढताच हिरवी भुकटी हातावर सांडली. नवी जाड तार आणि मोटारींच्या दुकानात मिळणारा त्याच क्षमतेचा सोलेनॉइड, म्हणजे मोटरला वीज जोडणारा खटका, एवढ्यात मोटर पूर्ववत झाली. गळणाऱ्या सिलिंडरचे सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, मात्र ट्रॅक्टर आणि फोर्कलिफ्टची कामे करणाऱ्या एका कारागिराने कॅलिपरने मोजून बसवले, कारण सील मापावर मिळते, त्याला लिफ्टचे मॉडेल लागत नाही. तेल लिफ्टवरच्या पट्टीवर लिहिलेलेच घातले. ब्रेक ऑइलने ही सीले फुगून बाद होतात.

लिफ्टचा सांधा जोडणाऱ्या, झिजलेल्या पिनेच्या बाबतीत मात्र मी काटकसर केली नाही. सार्वजनिक वाहनांतील लिफ्टने ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो, पेलले पाहिजेत आणि भार वाहणारे हलते भाग त्याच्या सहापट ताकदीचे असले पाहिजेत, असा येथे नियम आहे. आमची गाडी खासगी असली तरी मी तेच माप धरले. भंगारातील तशाच लिफ्टची पिन आणली आणि ती जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घेऊन त्याच्याकडूनच बसवली. मग ४० पौंडी मिठाच्या १५ पिशव्या फलाटावर रचून लिफ्ट दहा वेळा वरखाली केली, आणि वीज गेल्यास उपयोगी पडणारा हातपंपही चालवून पाहिला. सारा खर्च ४३० डॉलर झाला.

आई, काल तो ग्रंथालयात जाऊन आला. फोटो सोबत पाठवत आहे. बाबा, अशा खाऱ्या हवेत पिनांना ग्रीस किती दिवसांनी भरावे, ते मात्र कळवा.

तुमची लेक