हरिकेनच्या कापडी पाठीबद्दल काकांचे आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातल्या हॉकर हरिकेन या लढाऊ विमानाचे मी केलेले एकास अठ्ठेचाळीस प्रमाणातले मॉडेल गेल्या आठवड्यात अखेर काचेच्या कपाटात जाऊन बसले. समोरासमोर आभार मानू लागलो तर आपण नेहमीप्रमाणे विषय चहाकडे वळवाल, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आणि मॉडेलवर झीज दाखवताना माझ्यासारखी चूक करणारे आणखीही असतील, म्हणून ते सर्वांसमोर ठेवत आहे.

आपण हे विमान प्रथम पाहिलेत तेव्हा मी त्यावर भलताच खूश होतो. १९४४ मध्ये इम्फाळहून उडणाऱ्या भारतीय हवाई दलाच्या क्रमांक १ स्क्वॉड्रनचे, म्हणजे अर्जन सिंग यांच्या तुकडीचे विमान मला साकारायचे होते. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्या आघाडीवरील विमानांच्या चिन्हातून लाल रंग काढून टाकलेला होता, एवढा अभ्यास मी केला होता आणि तशी डेकल्स, म्हणजे चिकटवायची छापील चिन्हे, नीट बसवलीही होती. मग स्पंजचा तुकडा चंदेरी रंगात टेकवत रंग उडून खालचा पत्रा दिसावा तसे टवके नाकापासून शेपटीपर्यंत उमटवले. आपण भिंगातून ते सगळे निरखलेत, कॉकपिटमागच्या भागावर नखाने हलकेच टिचकी मारलीत आणि एवढेच विचारलेत, "इथे पत्रा कुठून आला?"

हरिकेनच्या मागच्या धडात धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यांवर ताणलेले कापड असते, हे मी वाचले होते. ब्रश हातात घेतल्यावर मात्र साफ विसरलो. हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, असताना डकोटा या मालवाहू विमानाच्या रडरला, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूला, आपण स्वतः कापड चढवून ते ताणून घट्ट करणारा डोप नावाचा लेप मारलेला, त्यामुळे आपल्याला ते आठवावे लागले नाही. कापडाचे टवके उडत नाहीत; ते विटते, मळते, पट्ट्यांच्या उंचवट्यांवर घासते, फाटले की ठिगळ लागते आणि त्या ठिगळाचा रंग आजूबाजूपेक्षा ताजा दिसतो, हे आपण ज्या शांतपणे समजावलेत त्यामुळे मला चूक सुधारण्याची लाज वाटली नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग खरवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि डेकल्सही गेली. सुदैवाने दुसरा संच होता. नव्याने रंगवताना मातकट तपकिरी रंगात थोडा बदामी मिसळून पट्ट्यांमधला भाग फिका केला आणि तैलरंगाचे अगदी पातळ ओघळ खाली ओढले. चंदेरी रंग आता फक्त पंखांवर आहे, तोही मुख्यतः डाव्या पंखाच्या मुळाशी, कारण वैमानिक त्याच बाजूने चढत असे, ही आपलीच दुसरी दुरुस्ती. मी दोन्ही बाजू सारख्याच झिजवून ठेवल्या होत्या!

धडाच्या डाव्या अंगावरचे चार मिलिमीटरचे हिरवे ठिगळ आपण स्वतः रंगवलेत. त्याची एक कड तिरकी गेली, तेव्हा पुसून पुन्हा कर, असे आपण निघताना बजावले होते. मी त्यावर मॅट वॉर्निशचे दोन हात दिले आहेत, त्यामुळे आता ते पुसता येणार नाही.

आपला कृतज्ञ,
खालच्या मजल्यावरचा शेजारी