कुंभारवाड्यातल्या काकूंना, एका पुडीबद्दल

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

तुमचे नाव मला ठाऊक नाही. त्या संध्याकाळी गर्दीत विचारायचे राहून गेले, आणि दिवाळीनंतर पुन्हा आलो तेव्हा तुमची ताडपत्री उतरलेली होती. म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहितो आहे. कुंभारवाड्यात तुम्हाला ओळखणारे कोणी हे वाचले, तर त्यांनी ते तुम्हाला वाचून दाखवावे, एवढीच विनंती आहे.

वसुबारसेच्या संध्याकाळी कसबा पेठेत तुमच्या मांडणीपुढे मी, माझी अकरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा असे तिघे उभे होतो. किल्ल्यावरची चित्रे, म्हणजे दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती, घ्यायला निम्मे पुणे लोटले होते. सिंहासनावरचे महाराज, गवळणी, तोफा, बुरुजावरचे पहारेकरी यांच्या रांगा तुमच्यापुढे होत्या आणि एकाच वेळी चार गिऱ्हाइके तुम्हाला भाव विचारत होती. माझा मुलगा मात्र दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभा होता. तुम्ही महाराजांची मूर्ती कागदात गुंडाळता गुंडाळता त्याच्याकडे पाहिलेत आणि विचारलेत, "हात का रे बांधलेस? हातात घेतल्याशिवाय कळणार कसा मावळा?" त्याने हात का बांधले होते, हे तेव्हा सांगता आले नाही. ते आज सांगतो.

मुलीच्या मैत्रिणीचा मामा इंग्लंडहून आला होता आणि त्याने मुलांना टेबलावर मांडायच्या लढाईचा एक खेळ दाखवला. अंगठ्याएवढे सैनिक, त्यांची दोन सैन्ये, फासे आणि इंच मोजायची टेप. बुद्धिबळासारखी घरे नसतात. सैनिक किती इंच पुढे सरकला हे टेपने मोजायचे, तो झाडाआड किंवा भिंतीआड असेल तर त्याला टिपणे अवघड धरायचे आणि नेम लागला की नाही ते फाशाने ठरवायचे. मामाकडचा खेळ वॉरहॅमर, नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचा, 1983 पासून चालत आलेला. त्यातले सैनिक सुट्या भागांत मिळतात आणि ते आपणच जोडून रंगवायचे असतात. माझी मुले घरी आली ती पेटूनच. दुसऱ्या दिवशी खडूचे तुकडे आणि पेनांची टोपणे जमिनीवर मांडून त्यांची लढाई सुरू झाली होती आणि थोरली पट्टीने अंतर मोजत होती. दोन तास घरात मोबाईलचा आवाज नव्हता. हे पाहिल्यावर मी ठरवले की यांना खरे सैनिक मिळवून द्यायचे.

शहरातल्या एका मोठ्या दुकानात मी त्यांना घेऊन गेलो. काचेच्या कपाटात रंगवलेली सैन्ये होती, उत्तम होती, त्यांच्या कारागिरीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. सुरुवातीच्या खोक्याची किंमत काही हजार रुपये होती आणि रंग, ब्रश, नियमांचे पुस्तक वेगळे. महिन्याच्या पगारात दोन मुलांची फी बसवणाऱ्या माणसाला ती पेलणारी नव्हती. यात दुकानाचा दोष नाही. परदेशातून येणारी वस्तू महागच असणार. दोष वागण्याचा होता. धाकट्याने काउंटरवरच्या एका सैनिकाकडे बोट नेले, तेवढ्यात "ए, हात मागे!" असा दरडावणीचा आवाज आला. मी कमी खर्चात सुरुवात कशी करता येईल असे विचारले, तर तिथला माणूस मुलांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहून म्हणाला, "हा परवडणाऱ्यांचा छंद आहे, सर. यांना कॅरम घेऊन द्या." हा खेळ खेळणाऱ्या मोठ्या माणसांच्या एका गटाकडेही मी विचारणा केली. त्यांचे उत्तर असे की, ठरावीक कंपनीचे आणि पूर्ण रंगवलेले सैनिक असतील तरच टेबलावर बसता येईल. मुलांचे वय किती, त्यांना काय आवडते, हे दोन्ही ठिकाणी कोणी विचारलेच नाही. दुकानातून निघताना धाकट्याने मागे नेलेले हात बस येईपर्यंत पुढे घेतले नाहीत. मला ते दृश्य अजून पुसता आलेले नाही.

तेच हात तुम्ही सोडवलेत, काकू. रांगेतला एक मावळा उचलून तुम्ही त्याच्या तळहातावर ठेवलात. आणि व्हायचे तेच झाले. इतक्या दिवसांनी हातात काही आले म्हणून तो बावरला, मावळा निसटला, फरशीवर आपटला आणि तलवारीचा हात खांद्यापासून तुटून बाजूला पडला. मुलाचा चेहरा पांढरा पडला. मी खिशात हात घालून पैसे काढू लागलो आणि आता काय ऐकावे लागणार याची मनाशी तयारीही केली.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. खाली वाकून गिऱ्हाइकांच्या पायांमधून तो गव्हाच्या दाण्याहून थोडासा मोठा हात शोधून काढलात. वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा फाडून त्यात तो ठेवलात आणि देवळात अंगाऱ्याची पुडी बांधतात तशी घडीवर घडी घालून पुडी बांधलीत. गेरूने लाल झालेल्या बोटांनी ती माझ्या मुलाच्या सदऱ्याच्या खिशात घातलीत आणि वरून खिशाचे बटण लावलेत. "हात कुठं गेला नाही, हा इथं आहे. घरी जाऊन फेविकॉलनं चिकटव आणि रात्रभर हलवू नको," असे त्याला सांगितलेत. त्याला सांगितलेत, मला नाही. त्या मावळ्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. बाकीच्यांचे मात्र मोजून घेतलेत, आणि त्यामुळे आपल्यावर कोणी दया केली असे मुलाला वाटले नाही.

तुम्हाला कदाचित हे आठवतही नसेल. त्या संध्याकाळी अशी शंभर माणसे तुमच्यापुढून गेली असतील. पण बसमध्ये घरी येताना माझा मुलगा दर दोन मिनिटांनी खिशावर हात ठेवून पुडी आहे ना, हे पाहत होता.

त्या संध्याकाळी पुडी बांधून झाल्यावर मी धीर करून तुम्हाला खेळाबद्दल सांगितले, तेव्हा तुम्ही थोरलीला विचारलेत की लढाईत किती जण लागतात. दोन्हीकडे दहा दहा पुरतील, असे तिने सांगितले. तिचे बरोबर होते. आधीच्या ठिकाणी आम्हाला कोणी सांगितले नव्हते की मोठ्या सैन्यांच्या लढाया सोडून चकमकीचा खेळ खेळला, तर माणशी पाच-दहा सैनिकांवर उत्तम डाव होतो आणि त्याचे नियम विनामूल्यही मिळतात. मुलांना सुरुवात करून देणाऱ्या आईवडिलांनी ही एकच गोष्ट लक्षात ठेवली, तरी अर्धा खर्च तिथेच वाचतो. तुम्ही मागच्या पाटीतून न रंगवलेले मावळे काढलेत, सगळे एकाच साच्यातले, कारण "लढाईत एक हातभर आणि एक बोटभर असं बरं नाही दिसत." पंधरा रुपयांचा एक याप्रमाणे वीस मावळ्यांचे तीनशे रुपये झाले. तुम्ही मुलीला बजावलेत की हे कच्च्या शाडूचे आहेत, भाजलेले नाहीत, रंगात पाणी जास्त झाले तर नाक-डोळे पुसून जातील. म्हणून आधी पातळ फेविकॉलचा एक हात द्यायचा, ब्रश निथळून घ्यायचा, आणि तो फेविकॉलचा हात वाळला की मग रंग. एवढे नेमके मार्गदर्शन त्या काचेच्या कपाटांपुढे आम्हाला मिळाले नव्हते.

घरी येऊन मोजले तर प्रत्येक मावळा दोन इंचांहून किंचित उंच भरला. परदेशात खेळण्यातल्या शिशाच्या सैनिकांचे जुने रूढ माप 54 मिलिमीटरचे, म्हणजे जवळपास हेच. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने 1913 साली अशा लढायांचे नियम छापले, तेव्हा त्याचा खेळ मुलांच्या खोलीतल्या जमिनीवर, खेळण्यातल्या सैनिकांनी, लाकडी ठोकळ्यांची घरे मांडून आणि स्प्रिंगच्या छोट्या तोफेने चालत असे. ज्याला आम्हाला "परवडणाऱ्यांचा छंद" म्हणून दाखवले गेले, तो पोरांच्या खेळण्यांतून वाढलेला आहे, हे मी मुलांना मुद्दाम वाचून दाखवले.

मावळे हलके असल्याने टेबलाला धक्का लागला की आडवे होत. त्यांच्या तळाला चिकटवायला दीड इंची वॉशर हवे होते, म्हणून आम्ही बोहरी आळीत गेलो. तिथे वजनावर माल विकणाऱ्या एका दुकानदाराने वीस वॉशर एकेक करून मोजून दिले आणि कशाला हवेत हे ऐकल्यावर एक मावळा आणून दाखवायला सांगितले. चांगुलपणा असाच असतो. तो आपले काम न थांबवता होतो आणि ज्याच्यावर होतो त्याला लहान करत नाही. या शहराच्या तुसडेपणाचे किस्से सगळीकडे सांगितले जातात. मी त्यात आता भर घालणार नाही, कारण पेठांमधली अशी माणसे मी मोजू लागलो आहे आणि त्यात तुम्ही पहिल्या आहात.

फासे घरातल्या सापशिडीचे घेतले. रणभूमी मुलांनी सोसायटीच्या आवारात केलेल्या किल्ल्याचीच झाली. विटा आणि दगडांवर चिखलात भिजवलेले गोणपाट टाकून केलेला तो डोंगर, त्यावर उगवलेले अळीव हेच जंगल. दिवाळी संपल्यावर किल्ला मोडतात, आमचा देवदिवाळीपर्यंत राहिला. दोन डोंगरांमध्ये थोरलीने दोन मावळे जेमतेम शेजारी उभे राहतील एवढीच वाट ठेवली आणि 13 जुलै 1660 ची घोडखिंड मांडली. दहा मावळे खिंडीत, बाजीप्रभूंचे. उरलेल्या दहांना हिरवे अंगरखे रंगवून सिद्दी मसूदचे सैन्य केले. सैन्य अफाट दाखवायचे तर शंभर चित्रे लागली असती, पण तिने नियमच असा केला की पडलेला शत्रू पुढच्या फेरीत मागच्या कडेने पुन्हा येतो. मावळा पडला की तो गेला. दहा चित्रांत न संपणारे सैन्य उभे राहिले. पाचव्या फेरीपासून दर फेरीच्या शेवटी दोन फासे टाकायचे आणि बेरीज नऊ किंवा जास्त आली की विशाळगडावर तोफा झाल्या असे मानून डाव जिंकला. तोफेसाठी धाकटा स्टीलच्या ताटावर पळीने मारतो. सोसायटीतली आणखी सहा मुले आता रोज संध्याकाळी यात असतात, आणि त्यांच्याबरोबर एका घरचे आजोबाही असतात, जे बाजीप्रभू हरू नयेत म्हणून फाशांवर फुंकर मारतात.

पुडीतला हात त्याच रात्री चिकटवला. धाकट्याने स्वतः चिकटवला, आम्हाला जवळ येऊ दिले नाही. तो किंचित वाकडा बसला आहे, तलवार समोर न जाता थोडी वर जाते. सकाळी त्यानेच ठरवले की हा बाजीप्रभूंच्या शेजारी खिंडीच्या तोंडाशी उभा राहील, आणि तेव्हापासून त्याची जागा बदललेली नाही. पुडीचा कागद त्याने कंपासपेटीत घडी करून ठेवला आहे.

काकू, पुढच्या वसुबारसेला आम्ही येऊ. मुलीने आत्तापासून यादी केली आहे. तिला त्याच मापाचे, त्याच साच्याच्या जोडीला शोभतील असे बारा घोडेस्वार हवे आहेत, न रंगवलेले. जमल्यास तेवढे बाजूला ठेवावेत, पैसे आम्ही आगाऊ देऊ. मुलगा बरोबर असेल आणि मावळा त्याच्या हातात असेल. तो त्याला तुमच्यासमोर उभा करून वाकडा बसलेला हात दाखवणार आहे, कारण तो नीट चिकटला की नाही हे तुम्हीच सांगायचे, असे त्याने मला बजावले आहे.

आपला कृतज्ञ,
धायरीहून आलेल्या त्या दोन मुलांचा वडील