नुसता शंट बदलून चार्जर सुधारत नाही

संपादक महोदय,

इलेक्ट्रिक दुचाकीचा चार्जर बॅटरी भरली तरी थांबत नाही, नाहीतर भरायच्या आधीच हिरवा दिवा लावतो, ही तक्रार वारंवार कानावर येते. दोष सहज बॅटरीच्या माथी मारला जातो. कोणी बोर्ड उघडलाच, तर करंट मोजण्यासाठी त्याच्या वाटेत बसवलेला अगदी लहान रोध, म्हणजे शंट, एक टक्का अचूकतेचा काढून महागडा अर्ध्या टक्क्याचा बसवतो. त्याने फारसा फरक पडत नाही, कारण चूक शंटमध्ये कमी आणि त्याच्या आजूबाजूला जास्त असते. चार्जर बनवणारे लघुउद्योजक आणि दुरुस्ती करणारे कारागीर यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहोत.

४८ व्होल्ट, ३० अँपिअर-अवर बॅटरी आणि १० अँपिअरचा चार्जर घेऊ. शंट ५ मिलिओहमचा. पूर्ण करंटला त्यावर ५० मिलिव्होल्ट मिळतात. लिथियम बॅटरीचे चार्जिंग साधारणपणे करंट बॅटरीच्या क्षमतेच्या पाच टक्क्यांवर, म्हणजे इथे दीड अँपिअरवर उतरला की थांबवतात; हाच कट-ऑफ. त्या वेळी शंटवर उरतात जेमतेम साडेसात मिलिव्होल्ट. आता हा सिग्नल वाढवणाऱ्या एलएम ३५८ सारख्या स्वस्त ऑपॲम्पचा ऑफसेट, म्हणजे सिग्नल शून्य असतानाही राहणारी चूक, पाहा: दोन-तीन मिलिव्होल्ट सहज, वाईटात वाईट सात. तीन मिलिव्होल्ट म्हणजे ०.६ अँपिअर. एका बाजूला चुकला तर चार्जर २.१ अँपिअरलाच थांबतो. दुसऱ्या बाजूला चुकला तर ०.९ पर्यंत रेटत राहतो. शंट कितीही अचूक आणा, ही चूक जागची हलत नाही. आयएनए २४० सारख्या करंट-सेन्स ॲम्प्लिफायरचा ऑफसेट २५ मायक्रोव्होल्टच्या आत असतो. पैसे घालायचेच तर तिथे घालावेत. ते जमत नसेल तर निदान दर वेळी चालू होताना, स्विचिंग (करंट झपाट्याने चालू-बंद करणे) सुरू होण्याआधी, शून्य करंटचे वाचन घेऊन ते पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करावे.

दुसरी चूक बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांची, म्हणजे ट्रॅकची. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा लांबी-रुंदी सारखी असलेला कोणताही चौकोन सुमारे अर्धा मिलिओहम भरतो. मोजणीच्या तारा शंटच्या पॅडपासून (शंट जिथे डाखलेला असतो त्या जागेपासून) एवढ्या अंतरावर जाड ट्रॅकला जोडल्या की ५ मिलिओहमचा शंट साडेपाचचा झाला, म्हणजे दहा टक्के चूक. कॅलिब्रेशनने (वाचन माहीत असलेल्या करंटशी जुळवून) ही चूक निघते, पण थंड बोर्डापुरती. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो. बोर्ड २५ वरून ७५ अंशांवर गेला की वाचन आणखी दोन टक्के सरकते. म्हणून मोजणीचे दोन बारीक ट्रॅक दोन्ही पॅडच्या आतल्या कडांमधून, शंटच्या पोटाखालून काढावेत आणि एकमेकांना चिकटून ॲम्प्लिफायरपर्यंत न्यावेत. त्यांच्यातून मुख्य करंटचा एक थेंबही जाता कामा नये. ऑपॲम्पचा ग्राउंडही कुठेतरी लांबच्या कोपऱ्यात जोडून चालत नाही.

तिसरी गोष्ट स्विचिंगची, आणि इथेच भलेभले फसतात. शंट मॉसफेटच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) सोर्स टोकाला असेल तर त्याचा आणि ट्रॅकचा मिळून ३ नॅनोहेन्री इंडक्टन्ससुद्धा (करंट बदलताना व्होल्टेज उठवणारा गुण) पुरतो: १० अँपिअर ५० नॅनोसेकंदात बदलले की ०.६ व्होल्टचा टोचा उठतो, तोही ५० मिलिव्होल्टच्या सिग्नलवर. उपाय म्हणजे फिल्टरचा वेळ इंडक्टन्स भागिले रोध याच्याशी जुळवणे. इथे तो ०.६ मायक्रोसेकंद येतो. मोजणीच्या दोन्ही ट्रॅकमध्ये १०-१० ओहमचे रोध आणि ॲम्प्लिफायरच्या पायांजवळ त्या दोन ट्रॅकमध्ये ३३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर बसवला की काम होते. मोठा फिल्टर म्हणून १ किलोओहम लावण्याचा मोह टाळावा. अशा ॲम्प्लिफायरच्या आतल्या रोधाशी तो मिसळतो आणि गेनच (सिग्नल किती पट वाढतो ते प्रमाण) बिघडतो.

चार्जरमधल्या इंडक्टरच्या (वेटोळ्याच्या) करंटमध्ये ३० टक्के रिपल (चढ-उतार) असेल तर चुकीच्या क्षणी घेतलेले वाचन सरासरीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत वर-खाली जाते. वाचन पल्सच्या मधोमध घेतले तर सरासरी मिळते, पण करंट सलग वाहत असेल तोवरच. कमी लोडला तो मध्येच शून्याला टेकू लागला की ही युक्ती निकामी होते, आणि कट-ऑफ तर नेमका कमी लोडलाच पाहायचा असतो! आमचे स्पष्ट मत असे, की दोन कामांना दोन शंट असावेत: शिखर-करंट नियंत्रणासाठी मॉसफेटकडचा आणि कट-ऑफसाठी आउटपुट कपॅसिटरच्या पुढचा, जिथे रिपल जवळपास संपलेला असतो. खर्च थोडा वाढतो, पण बॅटरीच्या किमतीपुढे तो नगण्य आहे.

तपासताना ऑसिलोस्कोपच्या (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राच्या) प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टोकाजवळची स्प्रिंग वापरावी, नाहीतर वायरने पकडलेला गोंगाटच सिग्नल समजला जातो. कॅलिब्रेशन एका बिंदूवर न करता १ आणि ८ अँपिअरला करावे आणि तासभर पूर्ण लोडवर तापवून १ अँपिअरचे वाचन पुन्हा पाहावे. तेवढ्यात ते सरकले तर आधी पॅड आणि ट्रॅक तपासावेत.

चार्जरवर व्होल्टेज आणि कमाल करंट छापलेले असतात. कट-ऑफ किती अँपिअरला होतो आणि चार्जर तापल्यावर तो किती सरकतो, हेही उत्पादकांनी छापावे आणि ग्राहकांनी विकत घेताना विचारावे.

– पॉवर इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातील काही अभियंते, पुणे