मंदीच्या बातमीत भोसरी कधी दिसणार?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

हल्ली टीव्हीवर मंदीची चर्चा लागली की मी चॅनेल बदलत नाही, टीव्हीच बंद करतो. का ते सांगायला हे पत्र लिहितोय.

मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. गाड्यांचे टर्निंगचे (लेथवर कापून घडवलेले) पार्ट आम्ही जॉबवर्कवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरीप्रमाणे मजुरीवर, करून देतो, त्यामुळे मंदी आम्हाला चॅनेलवाल्यांच्या खूप आधी कळते. पहिल्यांदा ओव्हरटाइम बंद होतो, मग रात्रपाळी जाते, मग कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना ब्रेक मिळतो. 2019 च्या पावसाळ्यात हे सगळं या क्रमाने झालं. त्या जुलैत देशात प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या जुलैपेक्षा जवळपास 31 टक्क्यांनी पडली होती. आमच्याकडची सहा पोरं लातूर-बीडकडं गावी परत गेली, त्यातली दोन अजून आली नाहीत.

गाड्या का खपत नव्हत्या हे कोणी नीट सांगितलं असतं तरी चाललं असतं हो. सप्टेंबर 2018 मध्ये आयएलअँडएफएस ही रस्ते-पुलांसारख्या प्रकल्पांना पैसा पुरवणारी मोठी फायनान्स कंपनी अडचणीत आली आणि कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांनी हात आखडला, त्याच महिन्यापासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरायचा नियम आला म्हणजे गाडी रस्त्यावर आणायचा खर्च वाढला, वर एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलं. दहा मिनिटांत समजावण्यासारखं आहे हे. पण तरुण पोरं गाडी घेण्यापेक्षा ओला-उबरने जाणं पसंत करतात, असं एक वाक्य अर्थमंत्री बोलल्या आणि चर्चा सगळी त्याच वाक्यावर, सहा चौकटीत सहा माणसं, सगळी एकदम बोलणारी.

मग 20 सप्टेंबर 2019 ला कॉर्पोरेट टॅक्स 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. सेन्सेक्स एका दिवसात 1,921 अंकांनी चढला आणि टीव्हीवर नुसती दिवाळी. रात्री मेहुण्यांचा फोन, "दाजी, आता तुमचं भागलं ना?" त्यांची काहीच चूक नाही, टीव्हीवर तेच तर दाखवत होते. पण आमचं वर्कशॉप पार्टनरशिपचं आहे, ही सवलत फक्त कंपन्यांना होती, आणि भोसरीच्या गल्ल्यांत आमच्यासारखे प्रोप्रायटर आणि पार्टनरशिपवाले भरपूर आहेत. ही एक ओळ पट्टीवर द्यायला काय जात होतं?

आकड्यांचंही तसंच. एप्रिल ते जून 2020 मध्ये जीडीपी आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा 23.9 टक्क्यांनी घसरला असं जाहीर झालं, आणि वर्षाने त्याच तिमाहीत 20.1 टक्के वाढ झाली म्हणून विक्रमी विक्रमी सुरू झालं. माझी मुलगी तेव्हा नववीत होती, तिने वहीवर गणित करून दाखवलं. 100 चे 76 झाले, 76 चे 20 टक्क्यांनी वाढून 91 झाले, म्हणजे बाबा अजून 9 कमीच ना? नववीतल्या पोरीला जे दिसतं ते त्या मोठ्या मोठ्या अँकरांना दिसत नाही हे मला पटत नाही.

मला एवढंच म्हणायचंय की शेअर बाजाराचा आकडा दाखवा, जरूर दाखवा, पण त्याच बातमीत एकदा सकाळी सातला पहिल्या शिफ्टच्या टायमाला भोसरी नाहीतर चाकणला कॅमेरा घेऊन या. गेटबाहेर डबा घेऊन उभ्या असलेल्या पोरांना विचारा, महिन्यात किती दिवस काम मिळालं. चहाच्या टपरीवाल्याला विचारा उधारी किती थकलीय, त्याच्याकडं वहीत सगळं लिहिलेलं असतं.

तुमच्या पेपरनेही तिमाहीचे आकडे येतील तेव्हा एखादा वार्ताहर इकडं पाठवावा ही विनंती. आमच्या मालकांची परवानगी मी आधीच घेऊन ठेवलीय.

आपला,
एक वाचक, भोसरी, पुणे