मंत्रीसाहेब, बांध बांधला, पण सांडवा कुठाय?

मा. मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या लेआउटच्या वर नाल्यावर जो मातीचा बांध होता तो मागच्या आठवड्यात फुटला. भूमिपूजन तुम्हीच केलं होतं, नारळ फोडून बोलले होते की आता या भागात पुराचं पाणी शिरणार नाही. बरोबरच आहे, यंदा चिखल शिरला, मुरमासकट. रात्री आईला किचनच्या ओट्यावर बसवून ठेवलं, फ्रिज तरंगत येऊन दाराला असा अडकला की दारच उघडेना, दिवाणातल्या रजया अजून वास मारून राहिल्या आहेत. पंचनाम्यावाला आला, बाहेरूनच भिंतीचा फोटो काढला नं गेला.

आता पाऊस जास्त झाला म्हणाल. अहो, मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की पाळ कापल्या जाते, म्हणून तर बाजूला पाळीपेक्षा खाली सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची वाट, ठेवतात. आमचा सांडवा कागदावर होता, जागेवर ठेकेदाराच्या उरलेल्या मातीचा ढीग. थर टाकून, पाणी मारून रोलर फिरवायचा तर इथे डंपर ओतला नं पोकलेनच्या बकेटनं थोपटला, सगळ्या लेआउटनं पाह्यलं. श्रावणात बुडाशी गढूळ पाणी झिरपून राहिलं होतं, साधा पाझर वेगळा, गढूळ म्हणजे आतली मातीच वाहून राहिली, तसे फोटो पाठवले तर उत्तर काय, "संबंधितांकडे अग्रेषित". खर्च कोणी २० लाख सांगते कोणी ३५, बोर्ड तर बांधाच्या आधीच वाहून गेला.

२ जुलै २०१९ ला चिपळूणकडचं तिवरे धरण फुटलं, माणसं गेली, तेव्हाचे मंत्री बोलले खेकड्यांनी पोखरलं. आमच्या नाल्यात खेकडे आहेत साहेब, पाहिजे तर पकडून देतो, चौकशी सोपी जाईल. आणि २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन अर्ध्या नागपुराच्या घरात नाग नदी शिरली, त्यानंतर सांडव्यासमोर काय उभं केलं यावर हायकोर्टापर्यंत भांडण गेलं, तरी तुमच्या लोकांना सांडवा म्हणजे काय ते समजलंच नाही? का समजते, पण सांडव्याचं उद्घाटन होत नाही, फ्लेक्स लागत नाही म्हणून? निवडणुकीच्या आधी बांध, मग बिल, मग बदली, आणि चिखल काढायला आम्ही. टॅक्स भरायला पण आम्हीच.

भरपाई द्याल तेव्हा द्या. पण बांध परत बांधायच्या आधी सांडवा खोदून द्या, नाहीतर वर्गणी करून पोकलेन आम्हीच आणतो, मग सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा टाकायला तुमचे लोक त्याच दिवशी हजर होतील पाहा.

एक चिखलग्रस्त मतदार, नागपूर