रोजीचे पैसे त्याच रात्री मिळावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न झाले की नागपुरात लग्नसराई सुरू होते आणि वर्धा रोड, काटोल रोड, उमरेड रोड, कोराडी रोड या भागांतील लॉन व मंगल कार्यालये एकापाठोपाठ एक उजळू लागतात. त्यातच 1953 च्या नागपूर कराराप्रमाणे होणारे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात भरते, तेव्हा शहरातील हॉटेलांत खोली मिळणेही कठीण होते. या दोन्ही गर्दींना जेवू घालणारे वाढपी, आचाऱ्याचे मदतनीस, पोळ्या लाटणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या बायका हे बहुतांशी रोजीवरचे कामगार असतात. त्यांच्या मजुरीविषयी आणि कामाच्या स्थितीविषयी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून काही मुद्दे मांडण्याची परवानगी असावी. माझी सारी नोकरी हॉटेलांच्या बँक्वेट (मेजवानी) विभागात झाली असल्यामुळे मी लिहितो आहे ते ऐकीव नाही.

रोजीवरच्या वाढप्याला मालक नाही असे नाही. उलट त्याला गरजेपेक्षा जास्त मालक आहेत, आणि खरी अडचण तीच आहे. यजमान इव्हेंटवाल्याशी बोलतो, इव्हेंटवाला कॅटररला काम देतो, कॅटरर माणसे पुरवणाऱ्या ठेकेदाराला फोन करतो आणि ठेकेदाराचा मुकादम वस्तीतून, कॉलेजच्या वसतिगृहातून किंवा मजुरांच्या ठिय्यावरून पोरे उचलून आणतो. बालाघाट, शिवनी, गोंदियाकडून आलेली मुले यात पुष्कळ असतात. पैसे याच साखळीतून उलट्या दिशेने खाली यायचे असतात आणि प्रत्येक कडीला ते थोडे थोडे झिजतात. वाढप्याने पैसे मागितले की मुकादम ठेकेदाराकडे, ठेकेदार कॅटररकडे आणि कॅटरर यजमानाकडे बोट दाखवतो. ज्या लॉनवर तो रात्रभर राबला, त्या लॉनच्या मालकाला तर त्याचे नावही ठाऊक नसते.

बोलणी होताना ठरणारी रोजी ऐकायला बरी वाटते, म्हणून हिशेब मांडून पाहणे आवश्यक आहे. उदाहरणादाखल रोजी 600 रुपये ठरली असे धरू. दुपारी दोनला हजेरी लागते. टेबलांना कापड लावणे, खुर्च्यांना कव्हर घालणे, काउंटर मांडणे, मग स्टार्टर फिरवणे, पंगत किंवा बुफे, आणि शेवटी सगळे आवरून ट्रक भरेपर्यंत रात्रीचे दोन वाजतात. हे बारा तास झाले. नेहमीचा दिवस आठ तासांचा धरला आणि वरच्या चार तासांना कायद्याप्रमाणे दुप्पट दर लावला, तर ही मजुरी सोळा तासांच्या मोलाची होते, म्हणजे ताशी साडेसदतीस रुपये आणि आठ तासांच्या दिवसाला फक्त 300 रुपये. ठेकेदार "किमान वेतनापेक्षा जास्तच देतो" असे छातीठोकपणे सांगतो तेव्हा तो तास मोजत नाही, एवढाच त्याचा अर्थ. यातच काळी पँट आणि पांढरा शर्ट स्वतःचा हवा, आणि परतीच्या ऑटोचे भाडेही स्वतःचेच, कारण त्या वेळी मेट्रो बंद झालेली असते आणि शहराची ‘आपली बस’ही मिळत नाही.

पाहुणे गेल्यानंतर लॉनच्या मागच्या बाजूला काय चालते, ते पाहणारे फारसे कोणी नसते. हॅलोजनच्या उजेडात प्लास्टिकच्या क्रेटमध्ये प्लेटा पन्नास-पन्नासच्या थप्पीने मोजल्या जातात. शेजारी दोन-तीन बायका घोटाभर खरकट्या पाण्यात उभ्या राहून टबात भांडी विसळत असतात. चमच्यांचा हिशेब बहुधा जुळत नाही. निम्मे चमचे उष्ट्याच्या ड्रममध्ये गेलेले असतात, काही पाहुण्यांच्या पोरांनी खेळायला नेलेले असतात. तरीही मुकादम वहीत आकडा टिपतो आणि तो त्या रात्रीच्या सगळ्या पोरांच्या रोजीतून सारखा वाटून कापला जातो. मजुरीविषयीचा केंद्राचा नवा कायदा म्हणजे वेतन संहिता; तिच्याप्रमाणे नुकसानीपोटी कपात करायची तर ती वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेली असावी लागते, त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि नुकसानीपेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. चमचा कोणी हरवला हे माहीत नसताना वीस जणांची रोजी कापणे या कोणत्याच अटीत बसत नाही. वाढप्याच्या ताब्यात चमचे दिलेलेच नसतात, त्याच्या हातात असतो तो पनीर टिक्क्याचा ट्रे.

मात्र कपातीपेक्षाही जास्त जाच होतो तो पैसे लांबणीवर टाकण्याचा. रोजी रोजची म्हणायची आणि ती मिळायची महिन्याने, कधी हंगाम सरल्यावर. ठेकेदार थोडी रक्कम मुद्दाम मागे ठेवतो, कारण येणे बाकी असले की पोरगा दुसऱ्याकडे जात नाही. वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून देशभर लागू झाली असून तिच्या सतराव्या कलमात याविषयी कोणतीही संदिग्धता ठेवलेली नाही: रोजंदारीवरील कामगाराला पाळी संपताच मजुरी दिली पाहिजे, आठवड्याच्या मजुरीवरील कामगाराला आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, आणि मासिक वेतनाच्या कामगाराला पुढील महिन्याची सात तारीख उलटण्यापूर्वी. शिवाय पूर्वीचा किमान वेतन कायदा केवळ अनुसूचीतील, म्हणजे सरकारी यादीतील, रोजगारांपुरता होता, ही संहिता तशी मर्यादित नाही, आणि थकलेल्या मजुरीसाठी दावा करण्याची मुदत आता तीन वर्षांची आहे. अवकाळी पावसाने लॉनवरचा कार्यक्रम मोडला आणि चार तास राबवून पोरांना परत पाठवले, तर त्यांच्या पूर्ण दिवसाच्या मजुरीचा हक्कही याच संहितेने मान्य केला आहे. यातली एकही गोष्ट मला आजवर कोणा मुकादमाच्या तोंडून ऐकायला मिळालेली नाही.

आता जबाबदार कोणाला धरायचे, हा प्रश्न. माझ्या मते ज्या जागेत काम होते, त्या जागेला धरले पाहिजे. ठेकेदार आज नंदनवन वस्तीत असतो, उद्या फोन नंबर बदलून वाडीला जातो. लॉन मात्र जागचे हलत नाही. संहितेच्या त्रेचाळिसाव्या कलमाने हे तत्त्व स्वीकारले आहेच: नियोक्त्याने वेतन दिले नाही, तर ज्या आस्थापनेत कामगार काम करतो तिच्या मालकावर ते देण्याची जबाबदारी येते. हॉटेलच्या बँक्वेटमध्ये बाहेरून बोलावलेल्या वाढप्यांना हे सरळ लागू पडावे. लॉनच्या बाबतीत मात्र मालक म्हणेल की मी फक्त जागा भाड्याने देतो, मला काय त्याचे? ही पळवाट बुजवायची असेल तर राज्य शासनाने तसा स्पष्ट आदेश काढावा, आणि लॉन व मंगल कार्यालयांना परवानगी देताना कॅटररचा हजेरीपट त्या रात्रीपुरता जागेवर ठेवण्याची अट घालावी. कंत्राटी कामगारांविषयीच्या कायद्यावर यासाठी विसंबता येत नाही, कारण त्याची कक्षा 50 कामगारांपासून सुरू होते आणि 30-35 पोरे पुरवणारा ठेकेदार तिच्या बाहेरच राहतो.

कॅटरिंगचा व्यवसाय करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. यजमान शेवटची रक्कम महिनोन्‌महिने लटकवतात, "पनीर कमी पडले", "रसमलाई आंबली" अशा कुरबुरी काढून पैसे कापतात, हे खरेच आहे आणि मी ते जवळून पाहिले आहे. पण तारीख ठरतानाच बयाणा घेतला जातो, किराणा आणि भाजी रोख आणली जाते, दूधवाला दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. मग थांबायचे ते फक्त वाढप्याने, असे का? बयाण्यातून मजुरीची रक्कम आधीच बाजूला काढली, तर यजमानाच्या उशिराचा भार सर्वांत गरीब माणसावर पडणार नाही. ताटाच्या भावात यामुळे थोडी वाढ होईल. हजार पाहुण्यांना तीन प्रकारची आइस्क्रीम देणाऱ्या घराला ती सोसणार नाही, असे मानायला मी तयार नाही.

ग्राहकाने वर दिलेला पैसा कामगारापर्यंत पोहोचतो, हाही असाच एक समज आहे. बिलात सेवा शुल्क आपोआप लावू नये अशी मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये काढली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्या वादात ग्राहकाचा विचार झाला तो योग्यच. पण त्या शुल्कातले बाहेरून आलेल्या रोजीवरच्या पोराच्या हाती काय पडत होते, याची चर्चा मला तरी कुठे फारशी दिसली नाही.

बायकांची स्थिती आणखी बिकट आहे. लॉनवर पाहुण्यांसाठी वातानुकूलित खोल्या आणि स्वच्छ प्रसाधनगृहे असतात, परंतु भांडी घासणाऱ्या बाईला कपडे बदलायला आडोसा नसतो आणि कित्येक ठिकाणी पाहुण्यांच्या प्रसाधनगृहाकडे फिरकण्याचीही मनाई असते. पुरुष वाढप्यापेक्षा तिला रोजी कमी, हे तर कोणाला खटकतही नाही. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. पाहुण्यांच्या पोटाची ही काळजी रास्त आहे, मात्र मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत तंदूरपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाची काळजी कोणत्या तपासणीत होते, ते मला समजलेले नाही.

कायमचा उपाय महाराष्ट्राच्याच अनुभवात आहे. अनेक मालकांकडे थोडे थोडे काम करणाऱ्या हमालांसाठी 1969 साली माथाडी कायदा झाला. त्यात मालक मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही (ठरावीक जादा रक्कम) त्या कामगारांसाठीच्या मंडळाकडे भरतो, मंडळ कामगाराला पैसे देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), पगारी सुट्ट्या यांची सोय होते. खासगी सुरक्षारक्षकांसाठीही 1981 साली याच धर्तीवर कायदा करण्यात आला. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळल्याच्या तक्रारीही झाल्या आहेत, त्या दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. परंतु आज रात्री एका कॅटररकडे आणि उद्या दुसऱ्याकडे काम करणाऱ्या वाढप्याची अवस्था त्या काळच्या हमालासारखीच आहे, आणि नोंदणी, हजेरी व मजुरी मोबाइलवरून थेट खात्यात जमा करणे आज कितीतरी सोपे झाले आहे. म्हणून वाढप्यांसाठीही असेच मंडळ हवे. केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर ऑगस्ट 2021 पासून असंघटित कामगारांची नोंदणी होते. मात्र त्या नोंदणीने कोणाची थकलेली रोजी वसूल होत नाही.

किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात 1982 सालीच सांगितले होते. मंडळ स्थापन व्हायला वर्षे लागतील हे गृहीत धरूनही काही गोष्टी लगेच होऊ शकतात. अपर कामगार आयुक्तांच्या नागपूर कार्यालयाने लग्नसराईत आठवड्यातून निदान एकदा रात्री दहानंतर लॉनवर तपासणी करावी, कारण हे काम कार्यालय बंद झाल्यावरच रंगात येते. हिवाळी अधिवेशनात सरकारी भोजनव्यवस्थेचे कंत्राट देताना त्याच रात्री मजुरी देण्याची अट निविदेत असावी, आणि रविभवन व आमदार निवासात आपल्याला जेवण वाढणारे हात कोणाच्या हजेरीपटावर आहेत हे विदर्भातील आमदारांनी एकदा स्वतः विचारावे. लग्नघरांनीही कॅटररशी बोलणी करताना पदार्थांच्या यादीबरोबर "पोरांचे पैसे रात्रीच द्याल ना?" एवढे विचारून ते करारात लिहून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक्वेट सुपरवायझर
मानेवाडा, नागपूर