‘डिस्टल’चा अर्थ ‘खालचा’ असा देऊ नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय अहवालांतील शब्द सोप्या भाषेत समजावून सांगणारे लेख वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत येतात आणि त्यांचा वाचकांना खरोखर उपयोग होतो. मात्र त्यांत ‘प्रॉक्झिमल’ म्हणजे वरचा आणि ‘डिस्टल’ म्हणजे खालचा, असा अर्थ सर्रास दिलेला आढळतो. तो दुरुस्त व्हावा, यासाठी हे पत्र. हातपाय जिथे धडाला जोडलेले असतात किंवा एखादी नलिका जिथून सुरू होते, त्या मुळापासून जो भाग अधिक लांब तो डिस्टल, म्हणजे पाठ्यपुस्तकांतला ‘दूरस्थ’, आणि मुळाजवळचा तो प्रॉक्झिमल, म्हणजे ‘समीपस्थ’.

हात सरळ सोडून उभे राहिले की मनगट कोपराच्या खाली येते, त्यामुळे हा चुकीचा अर्थ तेवढ्यापुरता जुळतो आणि चूक ध्यानात येत नाही. पोटात तो जुळत नाही. मोठे आतडे उजवीकडे खाली सुरू होते, वर चढते, आडवे जाते आणि डावीकडून खाली उतरते. म्हणून अपेंडिक्सजवळचा त्याचा भाग खाली असूनही प्रॉक्झिमल आणि आडवा भाग वर असूनही त्याच्या तुलनेत डिस्टल ठरतो. मूत्रपिंडातील नलिका तर याहून विलक्षण आहे. तिचा डिस्टल भाग वळसा घेऊन, जिथे रक्त गाळले जाते त्या आपल्याच केशवाहिन्यांच्या गुच्छाजवळ परत येतो, तरीही त्याला डिस्टलच म्हणतात, कारण अंतर नलिकेच्या वाटेने मोजायचे असते.

हा केवळ शास्त्रकाट्याचा आग्रह नाही. पडताना हात टेकल्यामुळे मनगटाजवळ होणारा अस्थिभंग (आयरिश शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये ज्याचे वर्णन केले, तो याच प्रकारातला) आजच्या अहवालांत ‘डिस्टल रेडियस फ्रॅक्चर’ म्हणून येतो (रेडियस म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचे, अंगठ्याच्या बाजूचे हाड). प्लास्टर घातल्यावर सूज उतरावी म्हणून हात उशीवर उंच ठेवायला सांगतात आणि घरी नेण्याच्या कागदावर ‘प्लास्टरच्या डिस्टल भागाकडे लक्ष ठेवा’ अशी सूचना असू शकते. डिस्टल म्हणजे खालचा असे वाचलेला माणूस अशा वेळी कोपराकडे पाहील, कारण उंचावलेल्या हातात खाली कोपरच असते. पाहायची असतात ती बोटे. ती गार, निळसर किंवा बधिर पडली आहेत का, ती सरळ करताना असह्य कळ येते का, नख दाबून सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत पूर्ववत गुलाबी होते का, हे तपासायचे असते. यातले काही बिघडलेले दिसले तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे लागते, कारण आवळलेल्या प्लास्टरखाली किंवा सुजलेल्या स्नायूंत रक्तपुरवठा अडला, तर काही तासांतच कायमचे नुकसान होऊ शकते.

म्हणून आरोग्यविषयक मजकुराचे लेखन व संपादन करणाऱ्यांना विनंती आहे की, त्यांनी ‘मुळापासून लांबचा’ हा अर्थ द्यावा आणि लगेच त्या अवयवापुरते नेमके ठिकाणही सांगावे: हाताबाबत ‘बोटांकडचा’, आतड्याबाबत ‘गुदद्वाराकडचा’, दाताबाबत ‘जबड्याच्या मध्यापासून लांबच्या बाजूचा’. रुग्णाच्या हाती सूचनांचा कागद देणाऱ्या डॉक्टरांनीही त्यावर ‘डिस्टल’ऐवजी सरळ ‘बोटे’ असेच लिहावे.

आपला,
शरीररचनाशास्त्राचा एक शिक्षक